लाकडी घर बांधताना: उगम, ओलावा आणि आग

घराचा सांगाडा काँक्रीटऐवजी लाकडाचा करावा असे मनात आले, तेव्हा मी आधी हिशोब मांडून पाहिला. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा वाटा कार्बनचा असतो. म्हणजे घनमीटरला कोरडे वजन ५०० किलो भरणाऱ्या लाकडात सुमारे २५० किलो कार्बन असतो आणि त्यासाठी झाडाने हवेतून नऊशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. सिमेंटचे गणित उलटे आहे. चुनखडी भट्टीत भाजताना इंधनाच्या धुराखेरीज त्या दगडातूनही हाच वायू सुटतो. मात्र लाकूड कुजले किंवा जळले की साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. त्यामुळे तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेले झाड तेवढेच वाढेपर्यंत तरी घर टिकले पाहिजे, ही अट त्या हिशोबातच दडलेली आहे. पुढचे बहुतेक निर्णय मी त्या अटीकडे पाहूनच घेतले.

लाकूड कोठून आले, हे शोधणे सर्वांत कंटाळवाणे काम ठरले. ‘लागवडीचेच आहे’ हे उत्तर सगळेच देतात. जबाबदारीने राखलेल्या जंगलांतले लाकूड प्रमाणित करणाऱ्या, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे, म्हणजे एफएससीचे, प्रमाणपत्र मी मागू लागलो, तेव्हा एका विक्रेत्याने माहितीपत्रकावरचे चिन्ह दाखवून विषय संपवला. नुसत्या चिन्हाला अर्थ नसतो. जंगलापासून करवतीच्या गिरणीपर्यंत आणि तिथून विक्रेत्यापर्यंत प्रत्येक दुवा प्रमाणित असावा लागतो आणि बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक एफएससीच्या खुल्या नोंदीत तपासता येतो. ज्याच्या बिलावर तो होता, त्याच्याकडूनच मी माल घेतला. जिना आणि दारांच्या चौकटींसाठी पाडलेल्या इमारतींतले जुने लाकूड वापरले. त्यातले खिळे धातुशोधक फिरवून आधी काढावे लागतात, नाहीतर करवतीचे पाते जाते.

खरी परीक्षा ओलाव्याची होती. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजतात, म्हणून ताज्या कापलेल्या लाकडात तो शंभर टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. तो सुमारे तीस टक्क्यांपर्यंत उतरेतोवर लाकूड आकसत नाही; त्याखाली मात्र आकसू लागते आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने होणारे आकसणे गाभ्याच्या दिशेने होणाऱ्या आकसण्याच्या जवळपास दुप्पट असते. फळ्या वाकतात, पिळतात त्या यामुळेच. उतरवून घेतलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर, वरच्या फळीवर नव्हे तर मधल्या फळ्यांवर, मी ओलावामापकाच्या सुया टोचून पाहिल्या आणि ज्या गठ्ठ्यांचे आकडे जास्त आले ते परत पाठवले. सुताराला हा अतिरेक वाटला. पण वीस टक्क्यांखाली कोरड्या राहिलेल्या लाकडाला सहसा बुरशी धरत नाही, आणि घराचे आयुष्य बव्हंशी त्यावरच ठरते.

म्हणूनच आराखड्यात मी सर्वाधिक वाद घातला तो छपराची वळचण किती पुढे काढायची आणि खांब कशावर टेकवायचे, यावर. लाकूड बाजूंपेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी वेगाने पाणी ओढते. त्यामुळे खांबाचे टोक काँक्रीटला टेकू न देता गॅल्वनाइज्ड लोखंडी बुटावर उचलून धरले आणि खालून हवा खेळती ठेवली. जपानमधील होर्यू-जी मंदिरातल्या लाकडी इमारती तेराशे वर्षांहून अधिक काळ उभ्या आहेत. त्यांची पुढे आलेली छपरे आणि दगडी जोती पाहिली की हा आग्रह किती जुना आहे ते कळते. वाळवीसाठी आतल्या लाकडाला बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया केली. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून उघड्यावरच्या भागांसाठी त्यांवर विसंबलो नाही. तिथे टिकाऊ जातीच्या गाभ्याचे लाकूड घेतले आणि सालीलगतचा फिकट भाग काढून टाकायला लावला.

आगीबद्दल सर्वांनीच विचारले. जाड तुळई पेटली तरी तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या भागाला उष्णतेपासून काही काळ वाचवतो. मऊ जातींच्या लाकडात हा थर मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर वेगाने आत सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे वीस मिलिमीटर. अभियंत्याने तेवढी जाडी जळून गेल्याचे धरून उरलेला छेद भार पेलतो का, ते तपासले आणि तुळयांची मापे वाढवली. बारीक काड्यांच्या सांगाड्याला हा आधार मिळत नाही. तिथे जिप्समचे तक्ते लावावे लागले.

पहिल्या कोरड्या ऋतूनंतर लाकूड आणखी थोडे आकसले आणि सांध्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागले, म्हणून ते झाकून न टाकता हाताला येतील असे ठेवायला लावले होते. दोन खांबांना रेषांच्या दिशेने उभ्या भेगा पडल्या. अभियंत्याने त्यांची खोली मोजली आणि त्या वाळण्याच्या असून भाराला धोका नाही असे सांगितल्यावर त्या तशाच राहू दिल्या.