लाईट आली, सर्व्हर आला नाही

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की लाईट गेली की माझा घरचा सर्व्हर आपोआप नीट बंद होतो. होतोच. मंगळवारी संध्याकाळी ग्वाल्हेरला आंधी आली, लश्कर भागात आमच्याकडे सव्वा तास लाईट नव्हती. यूपीएसची बॅटरी उतरली तसं नेटवर्क यूपीएस टूल्सने, म्हणजे यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या आपल्या 'नट' या प्रोग्रामने, सगळं शिस्तीत मिटवलं. डिस्कांना धक्का नाही. मी नोकरीच्या गावी, भोपाळला. रात्री साडेनऊला आत्याचा फोन: "अरे, लाईट येऊन तास झाला. पंखे फिरतायत, फ्रिज चालू आहे, तुझं डबडंच तेवढं गप्प आहे."

डबडं म्हणजे ऑफिसातून भंगारात निघालेला चौथ्या पिढीतल्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा टॉवर. त्यात दोन डिस्क आरशासारख्या जोडल्यात, आणि आजोबांच्या बैठकींच्या कॅसेटी मी त्यावर उतरवून ठेवल्यात. त्या कॅसेटींसाठीच हा सगळा खटाटोप.

चूक माझी होती. वीज परत आल्यावर काय करायचं, यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, तीन पर्याय असतात: पॉवर ऑफ, पॉवर ऑन, लास्ट स्टेट. मी लास्ट स्टेट ठेवलं होतं, कारण ऐकायला तेच सर्वांत शहाणं वाटतं. पण नट आधी यंत्र बंद करतो आणि मग यूपीएसला आउटपुट तोडायला सांगतो. म्हणजे वीज गेली तेव्हाची शेवटची अवस्था 'बंद'. बोर्डाने ती इमानेइतबारे पाळली. ज्यांच्याकडे आपोआप शटडाउन लावलेलं आहे, त्यांनी लास्ट स्टेटच्या वाटेला जाऊ नये.

शनिवारी घरी आलो, बायोसमधला पर्याय बदलून पॉवर ऑन केला. सर्व्हर बंद करून त्याची कॉर्ड ओढली, दोन मिनिटांनी परत लावली, आला. खुशीत जेवलो. रविवारी पहाटे तीन तास लाईट गेली आणि नंतर पुन्हा तेच, सर्व्हर गप्प. या वेळी मॉनिटर लावून बायोस उघडलं तर घड्याळ २०१४ च्या १ जानेवारीवर! बोर्डावरचा, वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग्ज सांभाळणारा सीआर २०३२ सेल काढून मीटर लावला: २.३ व्होल्ट. नवा तीनच्या वर दाखवतो. दोन मिनिटं त्याने कसाबसा तग धरला होता, तीन तासांत मात्र सगळ्या सेटिंग्ज विसरून कारखान्यातून आला तसा झाला. पाटणकर बाजारातून नवा सेल आणला. जुनं यंत्र घेणाऱ्यांनो, बाकी काही बघण्याआधी तो सेल बदला.

आता खरी गोची. समजा बॅटरी संपत आली, नटने शटडाउन सुरू केलं आणि नेमकी त्याच मिनिटाला लाईट आली. सर्व्हर तर बंद होणारच, निघालेला आदेश मागे घेता येत नाही. पण यूपीएसने आउटपुट तोडलंच नाही तर बोर्डाच्या लेखी वीज कधी गेलीच नाही. मग पॉवर ऑनचा काय उपयोग? माझ्या यूपीएसचा ड्रायव्हर, म्हणजे नट आणि यूपीएस यांच्यातला दुभाषा, मुळात आदेशानंतर ३० सेकंदांनी आउटपुट तोडायला आणि १८० सेकंदांनी परत द्यायला सांगतो. चांगला यूपीएस लाईट आलेली असली तरी एकदा तोडून मगच देतो. माझा तसं करत नाही. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा ढिम्म.

म्हणून मधे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलाय. माझ्याकडच्या पायला बटणच नाही, वीज मिळाली की तो उठतो. यूपीएसची यूएसबी तार आणि नट आता त्याच्याकडे, सर्व्हर नुसता त्याचं ऐकतो. लाईट सलग दहा मिनिटं टिकली आणि तरी सर्व्हर पिंगला, म्हणजे नेटवर्कवरच्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देत नसेल, तर पाय त्याला मॅजिक पॅकेट, म्हणजे बंद यंत्राला नेटवर्कवरून उठवणारा संदेश, पाठवतो. दहा मिनिटं अशासाठी की आमच्याकडे आलेली लाईट बऱ्याचदा नुसतं तोंड दाखवून जाते. पॅकेट अगदी साधं आहे: एफएफचे ६ बाइट, मग सर्व्हरच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ६ बाइटच्या ओळखक्रमांकाचा, सोळा वेळा जप, एकूण १०२ बाइट. बायोसमधलं ईआरपी हे वीजबचतीचं सेटिंग मात्र बंद ठेवावं लागलं, नाहीतर बंद यंत्राच्या नेटवर्क कार्डालाही वीज मिळत नाही आणि हा जप ऐकायला कुणी जागं नसतं.

पॉवर ऑन काढून टाकलेलं नाही. वीज मुळापासून गेली की माझं कार्ड मॅजिक पॅकेटचं विसरून जातं, सर्व्हर एकदा पूर्ण चालू होऊन नीट बंद झाला तरच परत ऐकू लागतं. तिथे पॉवर ऑनच लागतं, आणि यूपीएसने आउटपुट तोडलं नाही तिथे पाय.

भोपाळहून बंद करायची सोयही झाली. व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी वाटेने, पायवर यायचं आणि तिथून एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आदेश द्यायची सोय, वापरून सर्व्हरवर. त्यासाठीची डिजिटल चावी सर्व्हरवर एकाच आदेशाला बांधलीय, पलीकडून काहीही टाइप केलं तरी शटडाउनच होतं. उद्या कुणाच्या हाती लागलीच तर फार तर सर्व्हर झोपवेल, कॅसेटींना हात लावू शकणार नाही.

गुरुवारी रात्री उकाडा म्हणून असाच बंद केला. दहा मिनिटांनी बघतो तर चालू. परत बंद केला, परत चालू. घाम फुटला, कुणी आत शिरलंय म्हणून लॉग उपसत बसलो. तासाभराने लक्षात आलं की पाय इमानदारीत ड्यूटी करतोय. आता पायवर 'झोपू दे' नावाची रिकामी फाइल ठेवली की तो सर्व्हरला उठवत नाही. काल ती काढायला विसरलो आणि सकाळी आत्याचा फोन आला: "आज काय, डबड्याला सुट्टी?"