आमची वाटचाल : दहा टायर आणि एक लाल वही

फर्म म्हणजे मी. मालक मी, ड्रायव्हर मी, मुनीमही मीच. गाडी एकच, 2014 मॉडेलचा टाटा 2518, दहा टायरी ट्रक, 2017 मध्ये जुना घेतलेला. लाइन लासलगाव ते बेंगळुरूचं यशवंतपूर, जाताना कांदा, येताना मिळेल ते.

पहिलं वर्ष झकास गेलं. खिशात रोज नोटा, म्हणजे धंदा चाललाय असं वाटायचं.

मग जुलै 2018 आला. सरकारने एक्सलवर घालायच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहा टायरी गाडीचं पासिंग, म्हणजे गाडीसकट मालाचं मंजूर वजन, 25 टनांवरून 28.5 टन झालं. त्याच महिन्यात आठ दिवस चक्काजाम. चक्काजाम सुटला आणि बाजारात एक नवा गडी उतरला, चार नव्या कोऱ्या गाड्या घेऊन. नाव घेत नाही, लासलगावात सगळ्यांना माहीत आहे. माझी गाडी जुन्या पासिंगची, मी 16 टन भरायचो, टनाला 2,750, म्हणजे 44,000 भाडं. तो 19 टन भरायचा आणि 2,400 ने न्यायचा. व्यापाऱ्याचे टनामागे 350 वाचले आणि त्याच्या हातात तरी 45,600 पडले. मी? ईर्ष्येला पेटून 2,400 ला हो म्हणालो. 16 टनांचे झाले 38,400. वर तो नाक्यावर सांगत फिरला, ‘यांच्या जुन्या डब्यांची हीच लायकी.’ ते अजून डोक्यातून जात नाही.

गंमत अशी की तोटा दिसतच नव्हता. जाऊन-येऊन 2,200 किलोमीटर. भरलेल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज, डिझेल 80 ला टेकलेलं, म्हणजे 44,000 चं डिझेल. टोल 6,600. येतानाचं भाडं 30,000 धरलं तर हातात 17,800 उरायचे. मी खूश! हप्ता भरायची वेळ आली की मात्र पैसे कुठे गेले ते कळायचं नाही. दोन हप्ते थकले. चित्रदुर्गच्या उन्हात मागचे दोन टायर एकाच दुपारी फुटले. हप्ते थकले की गाडी ओढून नेणारी फायनान्सवाल्यांची पोरं सिन्नरच्या पंपावर येऊन उभी राहिली तेव्हा मी खाली उतरून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून हवा बघत होतो. त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

लासलगावचे एक शेठ पहिल्या खेपेपासून माझ्याच गाडीत कांदा भरायचे. त्यांच्या गादीवर जाऊन रडलो. त्यांनी कपाटातून कोरी लाल वही काढली. ‘अरे, तू माझा कांदा पोचवतोस आणि वर स्वतःच्या खिशातले पैसे घालतोस. गाडी उभी असताना किती खाते, ते लिही आधी.’

लिहिलं. हप्ता 34,000, विम्याचे महिन्याला 5,000, परवाना-कर-पासिंगचे 3,000, माझा पगार 18,000. (स्वतःचा पगार लिहायला लाज वाटत होती, शेठनी लिहायला लावला.) झाले 60,000. म्हणजे यशवंतपूरला परतीच्या मालाची वाट बघत झाडाखाली झोपलो, तरी दिवसाला 2,000 गेले. महिन्यात गाडी 6,000 किलोमीटर पळायची, त्याचे किलोमीटरला 10. त्यावर डिझेल 20, टोल 3, टायर अडीच, ऑइल-ग्रीसिंग-दुरुस्ती अडीच. एकूण 38. खेपेचा खरा खर्च 83,600, मिळकत 68,400.

टायरचे अडीच कुठून आले असं लाइनवरची पोरं विचारतात. दहा टायर तेव्हा दोन लाखांचे, 80,000 किलोमीटर चालायचे, भागा. प्रत्येक टायरचा नंबर आणि चढवला तेव्हाचं किलोमीटर माझ्या वहीत आहे. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, मागे चालतो, पुढच्या दोनला कधीही नाही, मग फुकट मिळाला तरी. आणि अ‍ॅव्हरेज काढायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो त्याच पंपावर. काट्याकडे बघून अ‍ॅव्हरेज सांगणाऱ्याला गाडी देऊ नका.

शेठनी 3,000 चा भाव दिला, म्हणाले, ‘कांदा वेळेवर पोचला तर त्यातच माझे पैसे सुटतात.’ लासलगाव सोडायच्या आधीच मी कर्नाटकातल्या तिपटूरच्या नारळाचं परतीचं भाडं फोनवर पक्कं करू लागलो, 32,000 ला. झाडाखालची झोप संपली. गाडी महिन्याला 8,000 पळायला लागली, गाडीचा उभा खर्च किलोमीटरला साडेसातवर आला आणि खेप 78,100 ला पडू लागली. मिळकत 80,000. शिल्लक 1,900, पण माझा पगार त्याआधीच निघालेला. थकलेले दोन हप्ते त्या दिवाळीपर्यंत फेडले.

पुढची वर्षं बरी गेली. हप्ते संपले. शेठ आता गादीवर बसत नाहीत, पोरगा बसतो, भावावरून घासाघीस करतो, पण गाडी माझीच लावतो.

परवा त्या चार गाड्यावाल्याचा फोन आला. ‘दादा, एक गाडी काढायची आहे, बघता का?’ पहिल्यांदाच दादा म्हणाला. टॉमी घेऊन गेलो. पुढचे दोन्ही रिमोल्ड होते.