अलंकार-संच, भाग ७ : ‘सारखा’चा घोळ सुटला

अलंकार-संच म्हणजे एकेका कार्डावर एक वाक्य, त्यातला अलंकार ओळखून कार्डांचे ढीग लावायचे. मागच्या भागात ‘जणू’चा निकाल लागला होता. या फेरीत ‘सारखा’ने ६० पैकी ११ कार्डं भलत्याच ढिगात नेली.

‘पोरगं सारखं रडतं’ लगेच बाद, तिथे सारखं म्हणजे सतत. ‘ती आईसारखी दिसते’ हेही बाद : दोघी माणसंच, साधी तुलना, चमत्कृती काही नाही. अडलं ते इंदूरच्या सातमजली राजवाड्याच्या या कार्डावर :

पावसानंतर राजवाडा नुकताच न्हाल्यासारखा दिसतो.

‘सारखा’ दिसला म्हणून उपमा. पण चार भाग मांडून बघा. उपमेय (ज्याची तुलना करायची ते) राजवाडा, साधर्म्यसूचक शब्द ‘सारखा’, साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) ओला लख्खपणा. उपमान (ज्याच्याशी तुलना ते) कुठंय? ‘न्हाल्या’ ही तर क्रिया! दंडी या संस्कृत साहित्यशास्त्रकाराच्या ‘काव्यादर्श’ ग्रंथात याचं उत्तर मिळालं. संस्कृतातला ‘इव’ (म्हणजे ‘सारखा’, ‘जणू’) उत्प्रेक्षेतही, म्हणजे उपमेय जणू काही वेगळंच आहे अशा कल्पनेतही, येतो आणि क्रियापद उपमान होत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. तेच सूत्र मराठीत लावलं : ‘सारखा’ नामाला लागला तर उपमा, ‘न्हाल्या’सारख्या ‘-ल्या’च्या क्रियारूपाला लागला तर उत्प्रेक्षा. म्हणजे ‘न्हालेल्या म्हाताऱ्यासारखा राजवाडा’ उपमा, ‘राजवाडा म्हणजे न्हालेला सातमजली म्हातारा’ रूपक, आणि वरचं कार्ड उत्प्रेक्षा. एकाच वास्तूवर तिन्ही अलंकार शेजारी ठेवता आले, याचा आनंद फार मोठा आहे.

या सूत्राने आठ कार्डं जागेवर बसली, तीन अडली. ‘ताप आल्यासारखा वाटतोय’मध्ये ‘-ल्या’ आहे, पण अलंकार नाही, नुसता अंदाज. म्हणून आता आधी एक प्रश्न : ती गोष्ट खरोखर घडू शकते का? ताप येतो, राजवाडा न्हात नाही. तिन्ही सुटली.

‘हा शब्द दिसला की हा अलंकार’ असे तक्ते छापणारी गाईडं या कामाला घेऊच नका, घोळ तिथूनच सुरू होतो. कार्डं जाड आयव्हरी कागदाचीच घ्या. पातळ कागदावर स्केचपेन पलीकडे उमटतं आणि उत्तर आधीच दिसतं.

पुढचा भाग श्लेषाचा (एका शब्दाचे दोन अर्थ) ठरला होता, पण लिहिता लिहिता हे सुचलं : ‘सराफ्यात रात्री सोनं तळून मिळतं.’ सराफा म्हणजे इंदूरचा सोन्या-चांदीचा बाजार, रात्री तिथे खाऊगल्ली भरते. जिलेबीचं नावही नाही, उपमानाने उपमेय गिळलंय. मम्मट या संस्कृत साहित्यशास्त्रकाराच्या हिशेबाने ही अतिशयोक्ती, शाळेच्या व्याख्येत मात्र अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं. दोन्हींसाठी वेगळे ढीग लागणार. श्लेष नंतर, आधी हेच. गिळलेल्या उपमेयाची दहा वाक्यं जमवा, इंदुरातलीच हवीत.