थंड मुलुखातील घरासाठी काड, चुना आणि माती

माझ्या भाच्याने कॅनडात ओटावाजवळ जागा घेतली आहे आणि सिमेंट व फोम शक्य तितका टाळून घर बांधावे, असे त्याच्या मनात आहे. आजोळच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घरातला गारवा आठवून त्याने साहजिकच विचारले, "मामा, दगडाच्याच भिंती घातल्या तर?"

आमच्याकडे दगड चालतो, कारण उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या दीड फुटी भिंतीतून उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. ओटावाच्या जानेवारीत मात्र उष्णता सतत एकाच दिशेने, आतून बाहेर, वाहत असते; तिथे भिंत जड असण्यापेक्षा तिच्यात हवा कोंडलेली असणे महत्त्वाचे ठरते. वालुकाश्माच्या तुलनेत तेवढ्याच जाडीच्या, गव्हाच्या काडाच्या दाबलेल्या गठ्ठ्यांच्या भिंतीतून उष्णता ढोबळमानाने पंचवीस ते तीस पट कमी निसटते. लडाखच्या मातीच्या घरांचा दाखला अनेक जण देतात. पण लेहला हिवाळ्यातही लख्ख ऊन असते आणि दक्षिणेकडच्या काचेतून ते घरात घेता येते.

काडाची घरे ही काही आजची हौस नव्हे. अमेरिकेतील नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर लाकूड दुर्मिळ होते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वसाहतकऱ्यांनी गठ्ठे रचून घरे उभारली. आग आणि उंदीर यांची भीती लोक आधी बोलून दाखवतात. घट्ट दाबलेल्या आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या गठ्ठ्यांत दोन्हींचा शिरकाव सहसा होत नाही, मात्र बांधकामाच्या वेळी खाली सांडलेले सुटे काड रोज झाडून काढलेच पाहिजे.

खरा शत्रू ओल आहे. स्वयंपाक, आंघोळ आणि श्वास यांची वाफ घरातील उबदार हवेबरोबर फटींतून भिंतीत शिरते आणि बाहेरच्या गार थराशी तिचे पाणी होते. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर ते पाणी अडकून काड कुजते; चुन्याच्या गिलाव्यातून मात्र ते वाफ होऊन निघून जाते. भिंत 'श्वास घेणारी' हवी, याचा अर्थ फटी चालतील असा नाही (हा घोटाळा सुशिक्षितांतही फार आढळतो): खिडक्यांच्या कडा आणि छताचे सांधे हवाबंदच हवेत. जोते उंच असावे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छत पुढे यावे. भांगेच्या खोडाचे तुकडे चुन्यात कालवून केलेले हेम्पक्रीटही चांगले, पण ते वाळायला फार वेळ घेते.

मातीची जागा माझ्या मते आतल्या बाजूला: जाड मातीचा गिलावा आणि विटांची अवजड शेगडी, म्हणजे एकदा पेटवलेल्या लाकडांची ऊब रात्रभर पुरते.

चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो आणि त्याआधी गोठला तर पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून बाहेरचे काम सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उरकत नसेल, तर भिंतीला वारा लागत राहील अशा बेताने ताडपत्री बांधून ते पुढच्या उन्हाळ्यावर टाकावे, असे मी त्याला कळवले आहे.