झेड सिल्व्हर, गळका कॉम्प्रेसर आणि लाकडाचा भुसा

खरं सांगायचं तर झेड सर्टिफिकेटच्या मागे आम्ही पर्यावरणाच्या प्रेमापोटी लागलो नाही, ज्या कंपनीचं जॉबवर्क करतो त्यांच्या व्हेंडर फॉर्ममध्ये (माल पुरवणाऱ्यांची माहिती घेतात तो) 'झेड लेव्हल' असा रकाना आला आणि तो रिकामा सोडायला बरं वाटेना. आमचं छोटं मशीन शॉप, तीन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, दोन जुने लेथ, एक कॉम्प्रेसर आणि मला धरून नऊ माणसं.

झेड म्हणजे झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट, मालात दोष नको आणि पर्यावरणाला त्रास नको. २०१४ ला लाल किल्ल्यावरच्या भाषणात मोदींनी हे शब्द वापरले होते तेव्हा आम्ही काही कान दिला नव्हता. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची योजना आहे, २०२२ मध्ये नव्याने आली, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. सक्ती नाही कसली. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी रजिस्ट्रेशन पाहिजे आणि आधी ऑनलाइन शपथ घ्यायची, बस्स.

ब्राँझला पाचच मुद्दे, कागद आणि फोटो चढवले की झालं. माझं मत विचाराल तर त्यात पर्यावरण नावाला आहे, वीज आणि पर्यावरण हे मुद्दे सिल्व्हरच्या चौदांमध्ये येतात, खरी मजा तिथून. मध्येच एका एजंटचा फोन आला, "सर तुम्ही काहीच करू नका, फोटोपण आमच्याकडे तयार असतात." म्हणजे दुसऱ्याच्या शॉपचे फोटो आमच्या नावावर! सिल्व्हरची फी ४०,०००, सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी, म्हणजे खिशातून ८,००० आणि वर जीएसटी, आणि हा बाबा पंचवीस हजार मागत होता. ठेवला फोन.

आता आमची कन्सेंट म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी चालू होती, जळकं तेल अधिकृत रिसायकलरला जायचं, त्याचे मॅनिफेस्ट म्हणजे पाठवल्याच्या पावत्या फाइलला, घातक कचऱ्याचा वार्षिक हिशोब म्हणजे जूनअखेरचा फॉर्म ४ दरवर्षी भरलेला. मला वाटलं यापुढे अजून काय दाखवायचं. पण इथे प्रश्नच वेगळा, एका पार्टमागे वीज किती, कूलंट (कटिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात ते पाणी-तेल) किती? माहीत कुणाला! बिल येतं, आपण भरतो.

मग एका रविवारी मी आणि आमचे सुपरवायझर काका दोघंच शॉपवर. सगळी मशीन बंद, हवेच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडा, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा कुणी वापरतच नाहीये म्हटल्यावर टाकी एकदा भरली की त्याने गप्प राहायला पाहिजे ना, तर हा गडी दोन मिनिटं लोडवर म्हणजे हवा भरत, सहा मिनिटं अनलोड म्हणजे नुसता फिरत, परत दोन मिनिटं लोडवर. दोन भागिले आठ, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ताकदीतली २५ टक्के हवा नुसती गळतीत. काकांनी साबणाचं पाणी घेतलं आणि ब्रशने एकेक जॉइंट ओला करत सुटले, क्लीनिंग गनच्या पाइपाला तर असे फुगे आले की विचारू नका. "शेठ, ही फुसफुस मी सहा वर्षं ऐकतोय, मला वाटलं मशीनचाच आवाज." पाइप, दोन कपलर, एक ड्रेन व्हॉल्व्ह बदलला. पुढच्या रविवारी एक मिनिट लोड, अकरा मिनिटं अनलोड.

वीज, कूलंट, स्क्रॅप याची वही तेव्हापासून रोज भरायला लागलो. पहिल्या महिन्यात पोरांनी शनिवारी बसून आठवड्याचे आकडे एकाच पेनाने लिहिले होते, ओळखू येतं हो ते.

असेसमेंट मोबाइलवर व्हिडिओ कॉलने झाली. मी फोन धरून शॉपभर फिरतोय, तपासणाऱ्या मॅडम तिकडून बघतायत, रेंज जात होती ते वेगळंच. सगळं छान चाललं होतं आणि जुन्या लेथपाशी मॅडम म्हणाल्या, "सर, जरा खाली दाखवा. हा भुसा कशाला?" तेल सांडतं तिथे आम्ही लाकडाचा भुसा टाकतो, सगळेच टाकतात. "आणि झाडल्यावर कुठे जातो?" आता काय बोलणार, तेल पिऊन काळा झालेला भुसा साध्या कचऱ्याच्या पिंपात जात होता. तेलाच्या चिंध्या, भुसा हाही घातक कचराच, इकडे तेलाचा थेंबन्थेंब मॅनिफेस्टवर आणि तिकडे हे. मी खोटं बोललो नाही, तोंडही नव्हतं. नॉन-कन्फॉर्मिटी म्हणजे त्रुटीचा शेरा आला, सुधारणा करून पुरावे पाठवा म्हणाल्या.

लेथखाली पत्र्याचे ट्रे बनवले, चिंध्यांसाठी झाकणाचं वेगळं पिंप, त्यावर लेबल, रजिस्टर. गंमत म्हणजे ट्रेमध्ये रोज किती तेल साठतं ते बघून काकांनी दुसऱ्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं ऑइल सील बदलून टाकलं, आता खाली टाकायला भुसाच लागत नाही.

सिल्व्हर मिळालं, फॉर्ममधला रकाना भरला. रेट काही वाढवून दिला नाही त्यांनी, खरेदीवाले साहेब फक्त म्हणाले, "वा, गोल्ड कधी?" गोल्डला वीस मुद्दे आहेत. काकांना सांगितलं तर म्हणाले, आधी त्या तीन नंबरच्या सीएनसीखाली बघा, तिथं पण ओलं दिसतंय.