माझी एस्टीम, त्याची पोलो आणि घाटावरचा काटा

शिमग्यानंतरच्या रविवारी सड्यावर गाड्यांची ऑटोक्रॉस शर्यत झाली, त्यात 'ब' गटाचा कप माझ्या मारुती एस्टीमने मारला. कप गॅरेजात बॅटरी चार्जरच्या वरच्या फळीवर आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो, आणि दर वेळी थोडा ओशाळतो. लबाडी मी केली नाही. पण कप माझाच, असं छातीवर हात ठेवून म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे रत्नागिरी, लांजा, देवरुखकडचे पंधरा-सोळा जण. कातळावर ड्रम मांडायचे, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. पूर्वी सीसीवर गट पाडायचो. मग टर्बो आल्या, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणाऱ्या गाड्या. माझी एस्टीम १२९८ सीसीची, नवी होती तेव्हा ८५ हॉर्सपॉवरची. मित्राची पोलो टीएसआय ११९७ सीसीची आणि कंपनीतूनच १०५ ची. सीसीच्या हिशेबाने तीच लहान! म्हणून नवा नियम केला: ड्रायव्हरसकट वजनाला चाकांवरच्या हॉर्सपॉवरने भागायचं. उत्तर १२ किलोच्या वर गेलं तर 'ब', खाली आलं तर 'अ'. आमच्याकडे नांगरणी स्पर्धेत घाटी बैल वेगळे, गावठी बैल वेगळे, तसंच हे.

वजनाचा प्रश्न नव्हता. चिऱ्याचे ट्रक जोखतात त्या काट्यावर गाडी चढवली, ८८० किलो भरलं. त्या काट्याची सरकारी तपासणी होते, शिक्का असतो. हॉर्सपॉवरचा काटा म्हणजे डायनो. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जायचं.

मी गेलो तेव्हा भर दुपार होती. पुढची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जखडलेली, समोर पंखा. रन झाल्यावर ऑपरेटरने विचारलं, "दादा, करेक्शन लावू का?" मला वाटलं, करेक्शन म्हणजे आकड्याला पावडर-कुंकू. म्हटलं, "नको, आलंय तेच द्या." ७२ आले. ८८० भागिले ७२ म्हणजे १२.२. 'ब' गट.

दोन आठवड्यांनी पोलोवाला त्याच शेडमध्ये गेला. गाडी रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली, ड्रायव्हरसकट ११८० किलो. रोलरवर ९७ आले होते, म्हणजे तोही 'ब'च. पण त्याला कोणी काही विचारलं नाही आणि त्याच्या कागदावर करेक्शन लावून १०५ छापून आले. ११.२. गेला 'अ' गटात, मोठ्या गाड्यांच्या धुरळ्यात. आमच्या नियमात फक्त 'डायनोचा कागद' एवढंच लिहिलं होतं. तो नियम लिहिणाऱ्या तिघांत मी एक.

करेक्शन काय असतं ते मी कप घरी आणल्यावर वाचलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे, तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. साधं, म्हणजे बिनटर्बोचं इंजिन हवा जेवढी मिळेल तेवढीच ओढतं, म्हणून तिथे त्याची ताकद घटते. एसएई जे १३४९ हे प्रमाण ती घट भरून काढतं: २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब धरून आकडा बदलतं. त्या दुपारच्या हवेत सुमारे आठ टक्के वर. आपल्याकडच्या दमट हवेलाही करेक्शन लागतं, कारण वाफ ऑक्सिजनची जागा खाते, पण ते तीन-चार टक्केच. म्हणजे माझी ७२ ची गाडी घाट उतरून सड्यावर आली की ७५ ची होते. ८८० भागिले ७५, ११.७. माझी गाडी 'अ' गटातली होती हो!

टर्बोचं नेमकं उलटं. हवा विरळ असली तर टर्बो जास्त जोराने फिरून दाब बराचसा भरून काढतो. त्यावर पुन्हा साध्या इंजिनाचं आठ टक्के करेक्शन लावणं म्हणजे जेवलेल्याला परत ताट वाढणं. ज्याला लावायला हवं होतं त्याला लागलं नाही, नको होतं त्याला लागलं.

हे सगळं मीटिंगमध्ये मीच सांगितलं. पोलोवाला दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "कप राहू दे तुझ्याकडे, चहा पाज." त्यानंतर मात्र सगळ्यांची तोंडं सुटली. एरवी गाडीवाला डायनोवर जातो तो आकडा फुगवायला. इथे जो तो पैसे मोजून आपली गाडी किती मरतुकडी आहे ते सिद्ध करत होता. एकाने टायरची हवा कमी करून पट्टे करकचून आवळले होते. टायर रोलरवर दाबला जातो, घर्षणात ताकद जाते. एकाने इंजिन रटरटा तापवून, पंखा बाजूला करायला लावून रन दिला. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाच नाही. आणि एका महाभागाच्या गाडीत दोन मॅप, बदलायचं बटण मागच्या वायपरचं!

मी पोलोवाल्याच्या बाजूने बोलत होतो खरा, पण एक गोष्ट मलाही सलते. बाबा मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं करायचे. कोणी हॉर्सपॉवर सांगितला की विचारायचे, "कुठल्या आरपीएमला?" पोलोचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १५०० आरपीएमपासून ४१०० पर्यंत सपाट, तोही रीमॅपच्या आधीचा. माझ्या गाडीला जोर येतो तोवर ड्रमचं वळण संपलेलं असतं. आमच्या नियमात फक्त शिखराचा आकडा आहे, डोंगर किती रुंद ते नाही. त्यावर तोडगा निघाला नाही, वडापाव आले.

ठरलं ते एवढंच: दसऱ्यानंतर सगळ्या गाड्या एकाच दिवशी, एकाच रोलरवर. चाकांत हवा ३२, पंखा जागेवर, साध्या इंजिनांना करेक्शन, टर्बोला नाही. आणि पायावर भरवसा नको म्हणून माझ्या गाडीत पोलोवाला बसणार, त्याच्या गाडीत मी. पट्टे कोणी आवळायचे, यावर काल रात्री साडेअकरापर्यंत भांडण चालू होतं.