ओठाचा कोपरा आणि अंगठा: थॅलॅमसमधले शेजारी

उजव्या ओठाचा कोपरा आणि उजव्या हाताची बोटं एकाच वेळी अचानक बधिर झाली, तर दुखण्याचं मूळ ना दाढेत शोधायचं ना मानेच्या मणक्यात. ओठाची नस चेहऱ्यातून थेट मेंदूकडे जाते, बोटांच्या नसा मानेतून आत शिरतात. बाहेर कुठेच त्यांची गाठ पडत नाही. गाठ पडते ती मेंदूत, आणि त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे डावा थॅलॅमस, मेंदूच्या आत खोलवर असलेलं संवेदनांचं जंक्शन.

बोटाचा स्पर्श मज्जारज्जूत त्याच बाजूने वर चढतो, मेंदूच्या देठात चेतापेशी बदलून बाजू ओलांडतो आणि थॅलॅमसच्या मागच्या-खालच्या भागातल्या 'व्हीपीएल' या केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, पोचतो. चेहऱ्याचा स्पर्श त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या 'व्हीपीएम'मध्ये येतो. सगळ्यात बाहेर पाय, मग आतल्या बाजूला हात, मध्ये पांढऱ्या तंतूंचा पातळ पडदा, त्यापलीकडे चेहरा आणि सर्वांत आत तोंडातली जीभ-हिरडी. शरीरावर ओठ आणि अंगठा हातभर लांब असतात, इथे मात्र मिलिमीटरांच्या अंतरावर. हा नकाशा माउंटकॅसल आणि हेनेमन या मेंदूशास्त्रज्ञांनी 1949 साली मांजरात आणि 1952 साली माकडात बारीक इलेक्ट्रोड घालून काढला.

प्रत्येक अवयवाचा भाग म्हणजे कांद्याच्या पाकळीसारखा वाकलेला थर. माकडात कातडीचा स्पर्श गाभ्यात येतो, स्नायू-सांध्यांची जाणीव त्याभोवतीच्या कवचात. मला या रचनेतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं: त्वचा आणि सांधे एकाच बोटाचे, तरी त्यांच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या.

जागेची वाटणी आकारावर नसते, कामावर असते. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात काजूगराचं पातळ सालपट चिमटीत धरून, गर न फोडता काढायचं, तर बोटांच्या टोकांना दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळावी लागतात. पाठीवर हेच अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास जातं. म्हणून बोटं आणि ओठ थॅलॅमसमध्ये ऐसपैस, आणि एवढी मोठी पाठ चिंचोळ्या पट्टीत.

उंदराचा कारभार मिशांवर चालतो. त्याच्या व्हीपीएममध्ये प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा एकेक लांबट पुंजका असतो, त्याला बॅरलॉइड म्हणतात. जन्मल्याबरोबर मिशीचं मूळ नष्ट केलं तर तिचा पुंजका नीट बनत नाही. प्रयोगशाळेत ते बघायचे तर सायटोक्रोम ऑक्सिडेज या पेशींतल्या एन्झाइमवर आधारलेला रंग देतात. दोन ठिकाणी काम बिघडतं. मेंदू टिकवण्याच्या फॉर्मॅलिन द्रावणात तो जास्त वेळ राहिला की एन्झाइम मरतं आणि रंग फिका येतो. दुसरं, पुंजके वाकडे असल्यामुळे नेहमीच्या उभ्या छेदात ते एकमेकांवर चढतात. छेद तिरका घेतला तरच ओळी सुट्या दिसतात.

आता पुन्हा ओठ-अंगठ्याकडे. थॅलॅमसच्या या भागाला बारीक धमन्या रक्त पुरवतात. त्यांतली एक बुजली, म्हणजे छोटा पक्षाघात (स्ट्रोक) झाला, तर रक्ताविना मेलेल्या पेशींचा पंधरा मिलिमीटरहून लहान डाग पडतो, आणि ताकद, बोलणं शाबूत राहून फक्त बधिरपणा उरतो. असाच त्रास मेंदूच्या देठातल्या किंवा बाह्यकातल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) डागानेही होऊ शकतो, म्हणून नुसत्या लक्षणावरून जागा पक्की होत नाही. तपासताना कापूस, टाचणी आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क दोन्ही बाजूंना लावून तुलना करावी. ओठ आतूनही तपासावा, तो भाग हमखास राहून जातो.

मुंग्या आल्या म्हणून तेल चोळत बसणं हा आपल्याकडचा खरा धोका. 108 ला फोन करा, माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि खाडीकाठच्या गावातून त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. पहिला सीटी स्वच्छ आला म्हणून घरी परतू नये. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी असतो, ताजा छोटा डाग एमआरआयवर दिसतो.

काहींना पुढे आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच बधिर हातात जळजळ सुरू होते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. डेजेरीन आणि रूसी या फ्रेंच चेताविकारतज्ज्ञांनी 1906 साली याचं वर्णन केलं. हे दुखणं हातातून नाही, मेंदूतून येतं, त्यामुळे साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. अमिट्रिप्टिलिनसारखी चेतासंस्थेवर काम करणारी औषधं कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत द्यावी लागतात, तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली.